डाव्या हाताची नाडी – ताकायासू आजाराचा माझा अनुभव

मार्च २०२४ मध्ये पुण्यातल्या एका वॉर्डात पडल्या पडल्या मी मोबाइलवर मराठीत ‘ताकायासू’ शोधलं होतं. मोठ्या धमन्यांना सूज येऊन त्या अरुंद होत जाण्याचा हा आजार. माझ्यासारख्या कुणी बाईने लिहिलेलं काही सापडलं नाही. तेव्हाच मनाशी ठरवलं, यातून जरा सावरले की सगळं नीट लिहायचं. तारखा आणि आकडे फाइल समोर ठेवून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, बार्शीत एका पतसंस्थेत क्लार्क आहे. औषधांची नावं आली आहेत ती माझ्या चिठ्ठीवरची. तुमच्या चिठ्ठीवर दुसरी असतील, तीच घ्या.

सुरुवात नेमकी कधी झाली ते सांगता येत नाही, पण डिसेंबर २०२२ पासून वेणी घालताना डावा हात भरून यायचा. दोन मिनिटं हात वर धरला की खांद्यापासून जड, खाली सोडला की परत ठीक. दोरीवर कपडे वाळत घालतानाही तेच. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, वय सव्वीस. या वयात कोण हाताकडे लक्ष देतं? दाखवलं तेव्हा मानेचा मणका म्हणाले. कॉम्प्युटरवर बसून काम करता ना, होणारच. पट्टा, कॅल्शियमच्या गोळ्या, मानेचे व्यायाम. तीन महिने केलं, फरक पडला नाही.

मे २०२३ मध्ये संध्याकाळी बारीक ताप यायला लागला. वजन ५२ वरून ४५ वर आलं. ईएसआर, म्हणजे शरीरात कुठे सूज आहे का ते सुचवणारी रक्ततपासणी, ८४ आली. आपल्याकडे एवढं म्हटलं की सगळ्यांच्या मनात टीबीच येतो. छातीचा एक्स-रे साफ होता. हातावर इंजेक्शन देऊन करतात ती टीबीची मॅन्टू टेस्ट मात्र १६ मिलिमीटर सुजली. एका डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू करून बघू असं सुचवलं, दुसऱ्यांनी थांबायला सांगितलं. आपल्या देशात असंख्य लोकांच्या अंगात टीबीचे जंतू झोपलेले असतात. मॅन्टू सुजली म्हणजे आजार झालाच असं नाही, हे दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. त्यांचे मी आजही आभार मानते.

याच काळातली एक गोष्ट मात्र आठवली की अजून पोटात कालवतं. बीपी घ्यायला मी नेहमी डावा हात पुढे करायचे, कारण उजव्या हातात पर्स. मशीन बऱ्याचदा एरर दाखवायचं. सेल बदलून बघायचे, पट्टा पुन्हा बांधायचे. आकडा आलाच तर ९२/६०. ‘बीपी लो आहे, अशक्तपणा आहे, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घेत जा.’ मी ते आठ महिने घेतलं. सकाळी एक ग्लास, दुपारी ऑफिसात एक ग्लास. डोकं ठणकायला लागलं की बीपी आणखी उतरलं असेल म्हणून अजून एक चिमूट मीठ. आज कळतंय, त्या सगळ्या दिवसांत माझं खरं बीपी बहुधा दोनशेच्या आसपास असणार. डाव्या हातात रक्तच जेमतेम पोचत होतं, म्हणून तिथे कमी दिसायचं.

जुलै २०२३ मध्ये आत्या, म्हणजे सासूबाई, मला भगवंताच्या देवळामागच्या गल्लीतल्या एका वृद्ध वैद्यांकडे घेऊन गेल्या. बायकांची नाडी डाव्या हाताला बघायची अशी त्यांची पद्धत. त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटं उचलून परत ठेवली. शेवटी म्हणाले, “नाडी लागत नाहीये, बाळ. मी औषध देणार नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवा.” त्यांनी पैसेही घेतले नाहीत. बाहेर आल्यावर आत्या म्हणाल्या, वय झालंय त्यांचं, बोटांना कळत नसेल आता. मलाही तेच पटलं. आम्ही दाखवलं नाही.

फेब्रुवारी २०२४. रात्री आडवं पडलं की दम लागायचा, बसलं की बरं वाटायचं. तीन रात्री भिंतीला उशी लावून बसून काढल्या. चौथ्या दिवशी पावलं सुजली. ९ फेब्रुवारीला सोलापूरला नेलं. टुडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाचं पंपिंग साठ टक्क्यांच्या आसपास असायला हवं, ते ३० निघालं. हृदयाचा स्नायू कमजोर झालाय, कधीतरी व्हायरल होऊन गेलं असेल, असं सांगितलं. नवऱ्याने मला आकडा सांगितला नाही. मी रिपोर्ट स्वतः वाचला आणि रात्रभर छताकडे बघत राहिले.

लघवी वाढवायची औषधं सुरू झाल्यावर सूज आणि दम दोन्ही कमी झाले. सोबत हृदयासाठी रामिप्रिल सुरू केलं होतं. दहा दिवसांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढतो तो आकडा, ०.९ वरून २.३. आधी हृदय, आता किडनी. रामिप्रिल थांबवलं आणि पुण्याला पाठवलं.

हे असं का झालं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते, कारण माझ्या आजाराचं सगळं कोडं याच एका गोळीत होतं. किडनीकडे जाणारी धमनी अरुंद झाली की किडनीला वाटतं, शरीरात रक्तच कमी आहे. मग ती असं रसायन सोडते की सगळ्या शरीराचं बीपी चढतं. त्या चढलेल्या दाबावर ती कशीबशी गाळण्याचं काम उरकत असते. रामिप्रिल, टेल्मिसार्टन अशा गटातली औषधं नेमका तो आधार काढून घेतात. एकच बाजू अरुंद असेल तर दुसरी किडनी निभावून नेते. माझ्या दोन्ही बाजू अरुंद होत्या. औषध वाईट नाही, लाखो लोकांना ते उपयोगी पडतं. पण तरुण वयात बीपी असेल आणि या गोळ्यांनी क्रिएटिनिन एकदम वाढलं, तर किडनीच्या धमन्या बघा असा तो इशारा असतो. म्हणून या गटातलं औषध सुरू झालं की एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन तपासायचं चुकवू नका. सोलापूरच्या डॉक्टरांनी ते वेळेवर तपासलं, म्हणून किडनी वाचली.

आम्ही कुर्डुवाडीहून रेल्वेने पुण्याला गेलो. ४ मार्चला सरकारी रुग्णालयात भरती झाले. रात्री अकराच्या सुमारास एक रेसिडेंट डॉक्टर आली, माझ्याहून लहानच असेल. दिवसभर उभी असावी, डोळे लाल झाले होते. तिने डावं मनगट धरलं. थांबली. मग उजवं धरलं. मग दोन्ही एकदम. “ताई, तुमचा हा हात गार पडतो का? काम करताना दुखतो का?” सव्वा वर्षात हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला.

मग तिने मानेवर, काखेत, जांघेत, पावलांवर, सगळीकडे ठोके बघितले. उजव्या हातावर बीपी घेतलं, १९६/११०. डाव्या हातावर वरचा आकडा जेमतेम ९०. पायावर २१०. पोटावर बेंबीच्या वर स्टेथो ठेवला, डोळे मिटून ऐकलं आणि मग नळ्या काढून माझ्या कानात घातल्या. आमच्याकडे नळाला पाणी कमी दाबाने आलं की पाइपमधून सूं-सूं आवाज येतो, तसाच आवाज माझ्या पोटातून येत होता, प्रत्येक ठोक्याबरोबर. “हा आवाज अरुंद झालेल्या धमनीचा,” ती म्हणाली. ती गेल्यावर मी माझं डावं मनगट चाचपत बसले. तिथे काहीच नव्हतं. तेव्हा मला वैद्यबुवांचा चेहरा आठवला.

दुसऱ्या दिवशी राउंडला मोठे डॉक्टर आले आणि ताकायासू हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच महाधमनीवर आणि तिच्या मोठ्या फांद्यांवर उलटते. भिंतींना सूज येते, त्या जाड होतात, आतली वाट अरुंद होते, कधी पूर्ण बुजते. हा दुर्मीळ आजार जास्त करून चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो. नाव मिकितो ताकायासू या जपानी डॉक्टरांचं. ते कानाझावाचे नेत्रतज्ज्ञ. १९०८ साली त्यांनी एका तरुण बाईच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं पाहिलं आणि त्याबद्दल लिहिलं. अशाच दुसऱ्या रुग्णांच्या मनगटावर नाडी लागत नाही, हे त्यांच्याच काळातल्या इतर डॉक्टरांनी सांगितलं. जपानमध्ये हा आजार जास्त करून मान आणि हातांकडे जाणाऱ्या धमन्यांत दिसतो. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या पुष्कळदा सापडतात. त्यामुळे इथले रुग्ण बऱ्याचदा बीपीचे, किडनीचे किंवा माझ्यासारखे हृदयाचे म्हणून फिरत राहतात.

मग हृदयाचं काय? तर हृदयाला वेगळा आजार नव्हताच. महिनोन् महिने दोनशेच्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ते थकलं होतं. “दाब उतरला तर पंपिंग सुधारू शकतं,” हे वाक्य डॉक्टर बोलले तेव्हा नवरा पहिल्यांदा माझ्यासमोर रडला.

तपासण्यांत तीन आठवडे गेले. सिटी अँजिओसाठी, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सिटी स्कॅनसाठी, जो डाय देतात तो किडनीवर ताण देतो, म्हणून क्रिएटिनिन उतरायची वाट पाहिली. तोवर डॉप्लर, म्हणजे धमन्यांतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी झाली. क्रिएटिनिन १.४ वर आलं तेव्हा, २२ मार्चला, अँजिओ झाला. आतला नंबर लांबचा होता, म्हणून बाहेर केला, ९,००० रुपये. निकाल असा: डाव्या हाताची मुख्य धमनी पूर्ण बंद, पोटातल्या महाधमनीची भिंत जाड, उजव्या किडनीची धमनी ९० टक्के आणि डाव्या किडनीची ८० टक्के अरुंद. हात जिवंत कसा मग? आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या वाढून त्यांनी पर्यायी वाट काढली होती. डोळ्यांचा पडदाही तपासला. बीपीमुळे थोडे बदल होते, नजर शाबूत होती.

मला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं तेव्हा वाटलं चिठ्ठी चुकली. माझे सांधे तर दुखत नव्हते! पण शरीर स्वतःवरच उलटतं अशा पुष्कळ आजारांचे डॉक्टर तेच, हे लक्षात ठेवा. कुठल्या ओपीडीत जायचं हेच न कळल्यामुळे माझ्यासोबत तिथे बसलेल्या एका मुलीची दोन वर्षं गेली होती. त्या डॉक्टरांनी एक छापील तक्ता भरला. ताप, वजन, प्रत्येक नाडी, प्रत्येक आवाज, एकेकाला गुण. भारतातल्याच डॉक्टरांनी या आजारासाठी तो तयार केलाय, आयटास २०१० नावाचा. नुसत्या ईएसआरवर विसंबता येत नाही, तो नॉर्मल असूनही आत आजार धुमसत राहू शकतो, म्हणून हे गुण प्रत्येक भेटीत मोजतात. माझा तेव्हाचा ईएसआर ९२, सीआरपी (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) ४८. आजार पेटलेला होता.

मला वाटलं होतं, धमनी अरुंद आहे म्हणजे उद्याच अँजिओप्लास्टी करतील, म्हणजे आत फुगा घालून ती रुंद करतील. तसं नसतं. भिंत सुजलेली असताना अँजिओप्लास्टी केली तर ती परत बंद होण्याची भीती जास्त. जीवावरचं नसेल तर आधी आग विझवायची. त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅम रोज सकाळी नाश्त्यानंतर. त्यासोबत स्टिरॉइड पुढे कमी करता यावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध. मेथोट्रेक्सेट किडनीमुळे देता येत नव्हतं, म्हणून मायकोफेनोलेट. बीपीसाठी तीन-चार वेगवेगळी. मॅन्टू सुजलेली आणि आता प्रतिकारशक्ती दाबायची, म्हणून झोपलेला टीबी उठू नये यासाठी सहा महिने आयसोनियाझिड आणि सोबत बी-सिक्स. हे आयसोनियाझिड बार्शीत सरकारी दवाखान्यात फुकट मिळालं. टीबी आणि ताकायासूचा काही संबंध आहे का, असं मी विचारलं. संशय फार जुना आहे, सिद्ध झालेलं नाही, असं उत्तर मिळालं.

मायकोफेनोलेट सुरू करण्याआधी गरोदर नसल्याची तपासणी करतात, कारण पोटातल्या बाळाला त्याने व्यंग येऊ शकतं. औषध चालू असेतो मूल नाही. आम्ही त्याच वर्षी विचार करत होतो. डॉक्टरांनी हा विषय माझ्या नवऱ्यालाही आत बोलावून दोघांसमोर काढला, ते मला फार आवडलं. दार बंद झालेलं नाही. आजार शांत राहिला, बीपी आणि किडनी सांभाळली, तर आधीच ठरवून हे औषध बदलायचं, मध्ये काही काळ जाऊ द्यायचा आणि मगच. पण ‘मग’ कधी, ते कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघं रुग्णालयाच्या आवारातल्या वडाखाली तासभर नुसते बसून होतो. तुमच्याही डॉक्टरांनी हा विषय काढला नाही तर तुम्ही काढा, लाजू नका.

आता योजनेबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण इथेच माणूस सगळ्यात जास्त हरवतो.

अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते असं कळलं. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. तिथे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जायचं. आमचं केशरी कार्ड होतं, पण त्यावर माझं नाव नव्हतं! लग्नानंतर सासरच्या कार्डावर चढवायचं राहून गेलेलं. माहेरच्या, माढा तालुक्यातल्या कार्डावर मात्र ते अजून होतं. आधार तिकडे जोडलेलं असल्यामुळे सिस्टिम इकडे घेत नव्हती. आधी माढ्याच्या तहसीलमध्ये पुरवठा शाखेत वडिलांनी नाव कमी करून दाखला घेतला. चार दिवस लागले, त्यात एक दिवस सर्व्हर बंद. मग बार्शीच्या तहसीलला तो दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, आधार आणि रुग्णालयाचं पत्र जोडून अर्ज. अकरा दिवस. कार्डावर पेनाने नाव लिहून मिळालं तरी ऑनलाइन दिसायला आणखी एक आठवडा. आरोग्यमित्र ऑनलाइन नोंदच बघतात, म्हणून बारा अंकी नंबर टाकून आपलं नाव दिसतंय का ते घरूनच तपासून निघा. रुग्णालयाचं पत्र जोडल्यामुळे आमचा अर्ज लवकर हलला, असं तिथल्या बाईंनीच सांगितलं. लग्न होऊन ज्या मुलींचं नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे, त्यांनी हे काम धडधाकट असतानाच करून टाका. आजारपणात हे बावीस दिवस फार महाग पडतात.

आम्हाला सुदैवाने घाई नव्हती, आग विझायला वेळ लागणारच होता. दर तीन आठवड्यांनी कुर्डुवाडी ते पुणे. सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, दुपारी दोनपर्यंत डॉक्टर भेटायचे. जूनच्या अखेरीस ईएसआर २६ झाला आणि तारीख मिळाली. १ जुलै २०२४ पासून योजना सगळ्याच रेशन कार्डांना लागू झाली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली. त्यामुळे त्या महिन्यात टेबलापुढे रांगा वाढल्या होत्या. माझ्या मंजुरीसाठी अँजिओची चित्रं, क्रिएटिनिनचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र गेलं. एकदा शंका काढून परत आलं, स्टेंट, म्हणजे धमनीत बसवायची जाळी, नाही तर मग नेमकं काय करणार म्हणून. डॉक्टरांनी दोन ओळी खुलासा लिहिला, तिसऱ्या दिवशी मंजूर. परत आलं म्हणजे नाकारलं असं नसतं, घाबरू नका. अडलं तर योजनेचा १५५३८८ हा नंबर आहे, आम्ही दोनदा लावला, दोन्ही वेळा कुणीतरी उचलला.

२३ जुलैला अँजिओप्लास्टी झाली. पूर्ण भूल देत नाहीत. उजव्या जांघेत बधिर करून तिथून तार आणि नळी वर नेतात. डाय सोडला की अंगभर ऊन उतरल्यासारखं वाटतं. फुगा फुगवला तेव्हा कमरेच्या बाजूला जोरात कळ आली. हे सांगायचं असतं, सोसायचं नसतं. किती दुखतंय त्यावरून डॉक्टरांना भिंत किती ताणली जातेय त्याचा अंदाज येतो. त्यांनी हे आधीच बजावलं होतं, तरी मी पहिल्यांदा दात आवळून गप्प राहिले. दोन्ही बाजू एकाच बैठकीत झाल्या. या आजारात जमलं तर नुसता फुगाच बरा, जाळी घातली की पुढे आत परत अरुंद होण्याचं प्रमाण जास्त, असं त्यांचं म्हणणं. सहा तास पाय न हलवता पडून राहायचं होतं. संध्याकाळी उजव्या हातावर बीपी १४२/८६. नर्सने आकडा मोठ्याने वाचला आणि नवऱ्याने मोबाइलवर त्या मशीनचा फोटो काढला. तो अजून आहे त्याच्याकडे.

प्रक्रियेला आमचा एक रुपयाही लागला नाही. पण फुकट म्हणजे सगळंच फुकट नाही. त्याआधीच्या आणि नंतरच्या बाहेरच्या तपासण्या, औषधं, प्रवास धरून पहिल्या वर्षात साधारण एक लाख चाळीस हजार गेले. मायकोफेनोलेटलाच महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास लागतात. ज्यांचं योजनेत बसत नाही त्यांनी धर्मादाय रुग्णालयांबद्दल विचारा. तिथे दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवणं बंधनकारक आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटावं लागतं, बिल झाल्यावर नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एको झाला. पंपिंग ५०. क्रिएटिनिन १.१. रोजच्या गोळ्या चौदावरून नऊ झाल्या.

स्टिरॉइडबद्दल सांगायचं तर, चेहरा पुरणपोळीसारखा फुगला, गालांवर लव आली, रात्री दोनला जाग येऊन भूक लागायची. साखर थोडी वाढली. ‘तब्येत छान भरली आता’ असं लग्नाकार्यात लोक म्हणायचे, प्रेमानेच म्हणायचे, पण मी घरी येऊन आरसा झाकून ठेवला होता काही दिवस. तरीही मनाने गोळी बंद करू नका. डॉक्टरांनी ती टप्प्याटप्प्याने उतरवायला सांगितली होती, कारण शरीर स्वतःचं स्टिरॉइड तयार करायचं विसरलेलं असतं. एकदा पुण्याहून परतताना गोळ्यांची पिशवी रेल्वेत राहिली, दोन दिवस गोळी नव्हती, आणि चक्कर व उलट्यांनी मला उठता येईना. तेव्हापासून एक पट्टी पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. मीठ मात्र पूर्ण सुटलं. शेंगाचटणी आता आत्या माझ्यासाठी वेगळी, लसूण-तिखट जास्त घालून बिनमिठाची कुटतात.

आणि हे सगळं सरळ रेषेत बरं होत गेलं असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईएसआर परत ५८ झाला, मान दुखायला लागली, डॉप्लरमध्ये उजव्या किडनीची धमनी पुन्हा अरुंद दिसली, साधारण साठ टक्के. त्या रात्री मी पहिल्या दिवसापेक्षा जास्त रडले. टोसिलिझुमॅब नावाच्या इंजेक्शनचा विषय निघाला, पण खर्च बघता आधी आहे त्या औषधांचा डोस वाढवून बघायचं ठरलं. स्टिरॉइड परत २० वर गेलं. जूनमध्ये ईएसआर १८ आला, धमनी तेवढ्यावरच थांबली होती. आता दर तीन महिन्यांनी रक्त, सहा महिन्यांनी डॉप्लर. दुसऱ्यांदा फुगा घालावा लागू शकतो, हे आम्ही मनाशी धरून आहोत.

घरी बीपी उजव्या हातावर घेते. आठवड्यातून एकदा पायावरही, आडवं पडून, नवरा पट्टा बांधतो. दोन्ही आकडे तारखेसह वहीत. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय: ‘डाव्या हातावर बीपी घेऊ नये. रामिप्रिल, टेल्मिसार्टन गटातली औषधं विचारल्याशिवाय देऊ नयेत.’ दाताच्या डॉक्टरांकडे गेले तरी ते पान आधी दाखवते. तुमच्या घरात तरुण कुणाला बीपी निघालं, किंवा एका हातावर मशीन सारखं एरर दाखवायला लागलं, तर सेल एकदा बदला आणि मग लगेच दुसऱ्या हातावर घ्या. दोन हातांत दहापेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा आला तर तो कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

ऑगस्ट २०२५ मध्ये मी आणि आत्या वैद्यबुवांकडे जाऊन आलो. पेढे नेले होते. आता त्यांना ऐकूही कमी येतं, सगळं मोठ्याने सांगावं लागलं. त्यांनी हात पुढे करायला सांगितला. आधी डाव्या मनगटावर बोटं ठेवली, बराच वेळ. मग उजवा हात मागितला.

“ही अजून नाही,” डावा हात परत माझ्या मांडीवर ठेवत ते म्हणाले. “ही चांगली आहे.”